नवी हिमालयन 450: आधी काय बसवायचं, काय दुकानातच ठेवायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. रॉयल एन्फील्डची हिमालयन 450 मोटरसायकल घेऊन तीन आठवडे झाले, गाडी ट्यूबवाल्या चाकांची आहे. शोरूममधून अ‍ॅक्सेसरीजची 71 हजारांची यादी मिळाली आहे आणि खिशात 50 हजार आहेत. या पावसाळ्यात घाट उतरून कोकणात जायचंय, पुढच्या जूनमध्ये वहिनींना घेऊन हिमाचलातलं स्पिती करायचंय. तुमचं वजन 72 किलो, उंची 5 फूट 6 इंच, वहिनींचं वजन 58. यादीतलं काय घेऊ आणि काय सोडू?

मी कोल्हापुरात गॅरेज चालवतो आणि वर्षातून तीन-चार वेळा दहा-बारा गाड्यांचा जथा घेऊन बाहेर पडतो. त्यामुळे माझ्याकडे दोन प्रकारच्या गाड्या येतात. काही नव्या कोऱ्या, मालकाला सगळं बसवून हवं असतं. काही पडून आलेल्या, त्यातलं काय मोडलं ते मला मोजावं लागतं. दुसऱ्या प्रकारच्या गाड्यांनी मला जे शिकवलं ते सांगतो.

यादी बाजूला ठेवा. आधी एका रविवारी सकाळी गाडी मैदानात न्या, टाकी अर्धी, इंजिन थंड. खाली जुनी गादी किंवा दोन-तीन गोधड्या अंथरा. एका मित्राला बरोबर घ्या आणि दोघांनी मिळून गाडी अगदी हळू आडवी करा. हो, नवी गाडी. पोटात गोळा येईल, पण ओरखडासुद्धा उठणार नाही. मग उकिडवे बसून बघा जमिनीला काय काय टेकलंय. हँडलचं टोक, लिव्हर, फुटरेस्ट, इंडिकेटर. जमिनीच्या अगदी जवळ पण न टेकलेलं काय आहे तेही बघा, कारण सपाट मैदानात जे वाचतं तिथेच नदीपात्रात एखादा दगड बसलेला असतो. डावी बाजू झाली की उजवी करा. पाच मिनिटांच्या वर आडवी ठेवू नका, आणि उभी केल्यावर लगेच स्टार्टर दाबू नका, थोडा वेळ जाऊ द्या. एवढं केलंत की यादीतल्या निम्म्या वस्तूंचं उत्तर तुमचं तुम्हालाच मिळेल.

कारण या गाड्या बहुतेक वेळा वेगात पडत नाहीत. उभ्या-उभ्या पडतात. यू-टर्न घेताना पाय टेकवायला जावं तर तिथे खड्डा, फरशी-पुलावरून पाणी जात असताना शेवाळावर पुढचं चाक सटकतं, जांभ्याच्या सड्यावर स्टँड लावला आणि तो मुरमात रुतला. असं पडल्यावर माणसाला सहसा काही होत नाही, पण क्लचचा लिव्हर मोडतो, रेडिएटरला भोक पडतं, आणि तुम्ही अशा जागी असता की टेम्पो यायला चार तास लागतात. म्हणून प्रत्येक वस्तू घेताना मी एकच विचारतो: ही नसती, तर असं पडल्यावर गाडी स्वतःच्या चाकांवर घरी आली असती का? आली असती, तर ती वस्तू थांबू शकते.

आता 50 हजारांचं बघू. तुम्ही लिहिलंय की हेल्मेट सहा वर्षांपूर्वीचं आहे, आणि जॅकेटचं 'नंतर बघू'. हे उलटं करा. निम्म्याहून जास्त पैसे अंगावर घालायच्या वस्तूंवर जाऊ द्या, साधारण 28 ते 30 हजार. हेल्मेटवर आयएसआयचा शिक्का हवाच. 1 जून 2021 पासून त्याशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकायलाच बंदी आहे. त्याबरोबर ईसीई 22.06 चं, म्हणजे युरोपातल्या हेल्मेट मानकाचं, लेबल असेल तर फारच चांगलं, आणि आता 6 ते 8 हजारांत अशी हेल्मेट मिळतात. दुकानात ते डोक्यावर ठेवून पंधरा मिनिटं तसेच बसा. कपाळावर एकाच जागी ठणका लागला तर ते हेल्मेट तुमचं नाही, मग त्यावर कितीही सूट असो. जॅकेट घेताना आत खांदा-कोपराला ईएन 1621 (हेही युरोपचंच मानांकन) छापलेलं आर्मर, म्हणजे मार झेलणारं पॅड, आहे का ते हात घालून, काढून बघा. जॅकेटच्या कापडाला वेगळं मानांकन असतं, ईएन 17092, त्यात ए, एए, एएए असे चढते वर्ग. आपल्या उकाड्यात जाळीचं एए मिळालं तर आणखी काही शोधू नका. पाठीच्या जागी बऱ्याच जॅकेटांत नुसता फोमचा तुकडा घातलेला असतो, तो दाबला की दोन बोटांत चेपतो. तो फेकून खरा बॅक प्रोटेक्टर घाला.

आणि बूट. लोक सगळ्यात शेवटी बूट घेतात आणि माझ्या जथ्यात सगळ्यात जास्त दुखापत घोट्यालाच झालेली मी बघितली आहे. 196 किलोची गाडी पायावर येते तेव्हा ट्रेकिंगचे बूट उपयोगाचे नाहीत, त्यांचा घोटा सगळ्या बाजूंनी वळतो. नडगी झाकणारा, घोट्याला कडक वाटी असलेला मोटरसायकलचा बूट घ्या. पहिले दोन दिवस गिअर टाकताना पाय लाकडाचा झाल्यासारखा वाटेल, तेवढं सोसा. वहिनींसाठीही हेच सगळं लागणार हे हिशोबात धरा. मागच्या सीटवर कुर्ता आणि चप्पल, पुढच्या सीटवर एएए जॅकेट, अशी जोडपी बघून माझं डोकं फिरतं.

उरले वीस-बावीस हजार. ते गाडीला.

पहिला नंबर हँडगार्डचा. यात दोन जाती आहेत. एक नुसती प्लॅस्टिकची पाती, ती वारा आणि पाऊस अडवतात, काट्याच्या फांद्या अडवतात, पण गाडी पडली की स्वतःच आधी तुटतात. दुसऱ्या जातीत आत अ‍ॅल्युमिनियमची पट्टी असते, एक टोक हँडलच्या टोकात आणि दुसरं हँडलच्या मधल्या भागाला क्लँप केलेलं. ही घ्या. बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, केबल आणि ब्रेकचा होज कुठे ताणतोय का. नसेल ताणत तर काम झालं.

याच्या जोडीला एक फुकटची युक्ती. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरचे क्लँप हँडलवर करकचून आवळलेले असतात. ते सोडा, हँडलवर त्या जागी टेफ्लॉन टेपचे दोन वेढे द्या आणि पुन्हा इतकेच आवळा की चालवताना हलणार नाहीत, पण तळहाताने जोरात ठोसा मारला तर फिरतील. पडल्यावर लिव्हर तुटण्याऐवजी फिरून बाजूला होतो. तुम्ही तो परत जागेवर फिरवता आणि निघता. सगळे जुने ऑफरोडवाले हे करतात, कुठल्याही यादीत ते नसतं कारण त्यात विकण्यासारखं काही नाही. तरीही सामानात एक जादा क्लच लिव्हर आणि एक क्लच केबल असू द्या. या गाडीचा क्लच केबलवर चालतो, ही मोठी सोय आहे. केबल जुन्या केबलच्या बाजूनेच आधी टाकून, टेपने बांधून ठेवली तर रस्त्यात दहा मिनिटांत बदलता येते.

दुसरा नंबर रेडिएटर गार्डचा. आधीच्या हिमालयन 411 ला हवेवर थंड होणारं इंजिन आणि छोटा ऑइल कूलर होता. 450 चं शेर्पा इंजिन पाण्यावर थंड होतं, आणि त्याचा रेडिएटर बरोबर पुढच्या चाकाच्या मागे, चाकाने उडवलेली खडी झेलत बसलेला असतो. त्याच्या पात्यांना पोचा पडला तर चालतं, नळीला भोक पडलं की खेळ खल्लास. गार्ड दीड-दोन हजारांत येतं. फार बारीक जाळीचं घेऊ नका. कोकणातला लाल चिखल त्यात बसून वाळला की हवा अडते, आणि पुढच्या घाटात पंखा सतत फिरताना ऐकू येतो. मधमाशीच्या पोळ्यासारखी मोठी भोकं बरी. प्रत्येक चिखलाच्या राइडनंतर मागच्या बाजूने पुढे पाणी मारा. प्रेशर वॉशरचा फवारा जवळून धरलात तर पात्या आडव्या होतात, तेव्हा साधा बागेचा पाइप पुरे.

तिसरी इंजिनखालची प्लेट. स्पितीच्या वाटेवर ग्राम्फूपासून बातालपर्यंतचा पट्टा बघितलात तर कळेल का ते. रस्ता म्हणजे नदीने आणून टाकलेले गोटे, आणि त्यावरून मे-जूनमध्ये बर्फ वितळून येणारं पाणी. चार मिलिमीटरच्या आसपासची अ‍ॅल्युमिनियमची प्लेट घ्या. लोखंडाची स्वस्त पडते पण जड, आणि पोचा पडला की तो तसाच इंजिनच्या अंगावर दाबून राहतो. जाडीपेक्षा मी दोन गोष्टी जास्त बघतो. एक, प्लेट पुढून वर वळून एक्झॉस्ट पाइपचा वाकही झाकते का. दुसरं, ऑइल काढायचा नट प्लेट न काढता हाती लागतो का. नाही तर प्रत्येक सर्व्हिसला मेकॅनिक ती काढणार आणि एक बोल्ट विसरणार. मेकॅनिक मीच आहे, म्हणून सांगतोय.

आता क्रॅश गार्ड. इथे थोडं थांबतो, कारण सगळ्यात जास्त फसवणूक यातच होते.

माझ्या पहिल्या हिमालयनला, 411 ला, मी बाजारातलं एक चकाचक गार्ड बसवलं होतं. जाड नळी, भरपूर वजन, किंमत निम्मी. चांदोलीच्या बाजूला एका ओढ्यात गाडी पडली, चालण्याच्या वेगात. गार्डला काही झालं नाही. पण ते इंजिनच्या एकाच मोठ्या बोल्टवर लटकवलेलं होतं. दगडावर आपटल्यावर ते त्या बोल्टभोवती फिरलं आणि त्याच्याच खालच्या नळीने इंजिनच्या कव्हरला तडा दिला. ऑइल वाहायला लागलं. तडा पुसून, पेट्रोलने साफ करून, एम-सील लावून एक तास बसलो, तरी थेंब थांबेना. शेवटी छोटा हत्ती मागवून गाडी घरी आणली. म्हणजे गार्ड नसतं तर कदाचित चालवत आलो असतो!

तेव्हापासून मी नळीची जाडी बघतच नाही, जोड बघतो. प्रत्येक बाजूला किमान तीन ठिकाणी पकडलेलं हवं, आणि डावी-उजवी बाजू पुढून एकमेकांना जोडलेली असेल तर उत्तम, म्हणजे मार एका बोल्टवर न जाता पसरतो. गार्ड आणि इंजिनच्या मधे दोन बोटं सहज जावीत. गार्डने वाकलंच पाहिजे, तेच त्याचं काम. अजिबात न वाकणारं गार्ड सगळा धक्का फ्रेमच्या कानांना देतं, आणि वाकलेल्या गार्डपेक्षा वाकलेली फ्रेम किती महाग पडते ते विमा सर्व्हेअरला विचारा. वेल्डिंगवर नख फिरवून बघा, मण्यांसारखी सलग रांग लागली पाहिजे. आणि एक, गार्ड बसवल्यावर तोच गादीचा प्रयोग पुन्हा करा. आता सगळ्यात आधी गार्ड टेकलं पाहिजे. हँडल किंवा फुटरेस्टच आधी टेकत असेल तर ते गार्ड नुसता दागिना आहे.

बसवून 500 किलोमीटर झाले की सगळे बोल्ट परत आवळा. आवळल्यावर बोल्ट आणि नळीवर मिळून मार्करने एक आडवी रेघ मारून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरलाय, पाना न लावता कळतं.

एवढं घेऊन तुमचे 12 ते 15 हजार गेलेले असतील. उरलेल्यातून साइड स्टँडखाली लावायची रुंद प्लेट घ्या, पाचशे-सातशेत येते. मऊ मुरूम, समुद्राची वाळू, मे महिन्यातलं पाघळलेलं डांबर, सगळीकडे ती लागते. माझ्याकडे पडून आलेल्या गाड्यांत निदान तीन-चार तरी अशा होत्या ज्या मालक चहा पीत असताना एकट्याच पडल्या.

आता चाकं. तुमची गाडी ट्यूबवाली आहे, म्हणजे पंक्चरचा तो काडीवाला किट तुमच्या उपयोगाचा नाही. तो ट्यूबलेससाठी. कंपनीने याच गाडीला नंतर ट्यूबलेस स्पोक चाकं आणली, पण सध्याच्या बजेटमध्ये ती बसत नाहीत आणि त्यांच्यासाठी घाईही नाही. त्याऐवजी दोन टायर लिव्हर, छोटा 12 व्होल्टचा पंप, पॅच, आणि पुढच्या 21 इंची चाकाची एक नवी ट्यूब बाळगा. एकच आणि पुढचीच का? गावातल्या पंक्चरवाल्याकडे 17 इंची ट्यूब कशीही मिळते, 21 इंची मिळत नाही. आणि अडचणीच्या वेळी 21 ची ट्यूब मागच्या 17 इंची टायरमध्ये दुमडून भरता येते, जवळच्या गावापर्यंत हळूहळू जायला पुरते. उलटं जमत नाही. हा सगळा उद्योग स्पितीत पहिल्यांदा करू नका. घराच्या अंगणात एकदा मागचं चाक उतरवून, ट्यूब काढून परत घाला. तेव्हाच कळेल की गाडीबरोबर मिळालेला पाना एक्सलच्या नटला पुरतो की नाही, आणि लिव्हरने ट्यूब चिमटून दुसरं भोक कसं पडतं. माझ्या पहिल्या वेळी दोन ट्यूब गेल्या.

टायर मात्र आत्ता बदलू नका. लोक शोरूममधून निघतात ते थेट जाड गोट्यांचे टायर घालायला. कोकणात पावसात तुमचा बहुतेक रस्ता डांबरी किंवा काँक्रीटचा, ओला. त्यावर मोठ्या गोट्यांचा टायर कमी रबर टेकवतो आणि ब्रेक दाबल्यावर लांब जातो. आहेत ते झिजवा. चिखलात उतरताना हवा पाच-सहा पीएसआय कमी करा, डांबरावर आल्यावर पंपाने परत भरा. पंप त्यासाठीच घेतलाय.

सस्पेन्शनबद्दल तुम्ही विचारलंच नाही, यादीतही ते नाही, पण गाडी सगळ्यात जास्त बदलेल ती इथे आणि एक रुपया न घालता. मागे 200 मिलिमीटर ट्रॅव्हल आहे, म्हणजे चाक तेवढं वर-खाली होऊ शकतं. तुम्ही नेहमीच्या कपड्यांत, बूट-हेल्मेट घालून बसल्यावर गाडी त्यातली साधारण एक तृतीयांश, म्हणजे 60-65 मिलिमीटर खाली बसायला हवी. मोजायचं कसं? गाडी उचलून मागचं चाक अधांतरी करा, एक्सलपासून मडगार्डवरच्या एका खुणेपर्यंत टेपने मोजा. मग तुम्ही बसा, मित्र परत मोजेल. फरक म्हणजे सॅग. जास्त बसत असेल तर सी-पान्याने प्रीलोडचा, म्हणजे स्प्रिंग आधीच दाबून ठेवणारा, कडा एक-दोन घर घट्ट करा. वहिनी मागे बसल्यावर आणि बॅगा लागल्यावर पुन्हा मोजा, पुन्हा घट्ट करा, आणि किती घरं फिरवली ते मोबाइलमध्ये लिहून ठेवा. भार टाकून प्रीलोड तसंच ठेवलं की मागची बाजू बसते, पुढचं चाक हलकं होतं, आणि मग लोक म्हणतात 'ही गाडी वळणावर रुंद जाते'. गाडी नाही जात, तुम्ही तिला मागे झुकवून पाठवता. समोरचा हेडलाइटही आकाशात जातो, आणि मग जादा दिवे घ्यावेसे वाटतात. हेडलाइटचा नुसता स्क्रू फिरवून खाली आणला की निम्म्या लोकांची दिव्यांची गरज संपते.

तसंच हँडल, गिअर लिव्हर आणि मागच्या ब्रेकचं पेडल. फुटरेस्टवर उभे राहून चालवताना पाय न उचलता दोन्ही हाताळता आले पाहिजेत. तुमच्या उंचीला सीट 825 मिलिमीटरवरच असू द्या, 845 वर नेऊ नका. कमी उंचीची 805 ची सीटही मिळते, पण ती घेतली की गुडघे जास्त दुमडतात आणि लांबच्या पल्ल्यात दुखतात. आधी दोन हजार किलोमीटर चालवा. हँडल उंच करणारा रायझरही तेव्हाच ठरवा. उभं राहिल्यावर पाठ वाकत असेल तरच. 5 फूट 6 इंचाला बहुधा लागणार नाही.

आता वजनाचा हिशोब, कारण स्पितीची खरी गोची इथे आहे. गाडीचं तयार वजन 196 किलो, आणि कंपनीने दिलेली कमाल मर्यादा 394. म्हणजे तुम्ही, वहिनी, कपडे, बॅगा, गार्ड, स्टँडची प्लेट, सगळं मिळून 198 किलो. तुम्ही दोघे 130. दोघांची हेल्मेट, जॅकेट, बूट धरून 13. झाले 143, उरले 55. शोरूमच्या यादीतलं सगळं बसवलंत, म्हणजे गार्ड, प्लेट, दोन्ही बाजूंचे स्टे (बॅगा-पेट्या धरणाऱ्या लोखंडी चौकटी), मागचा रॅक, टॉप बॉक्स, दिवे, तर माझ्या अंदाजाने 22 ते 25 किलो जातात. उरले तीस. हत्यारं, ट्यूब, पंप पाच किलो. राहिले 25, दोघांचे दहा दिवसांचे कपडे, रेनकोट, पाणी. आणि यादीत अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या आहेत, रिकाम्याच दहा-बारा किलोच्या!

म्हणून पेट्या नकोच. पेट्या शहरात छान, कुलूप लागतं. पण पाणी ओलांडताना पाय टेकवला आणि गाडी सरकली की पोटरी पेटी आणि जमिनीच्या मधे सापडते. कापडी सॅडल बॅग दबते, पाय निघतो. शिवाय पडल्यावर बॅग शिवता येते, पेटीचं झाकण एकदा तिरकं झालं की पावसात आतलं सगळं भिजतं. कापडी बॅगांना साधे स्टे लागतात. उजव्या बाजूला सायलेन्सर आहे, तिथे बॅग आणि सायलेन्सरमध्ये लोखंडी आड असलीच पाहिजे, नाही तर वाटेतच नायलॉन वितळल्याचा वास येईल. बॅग वॉटरप्रूफ आहे यावर विश्वास ठेवू नका. आत जाड प्लॅस्टिकची गुंडाळायची पिशवी घाला. आंबोलीत दोन तास पावसात बॅग उभी ठेवून बघा, मग कळेल. जड वस्तू खाली आणि पुढे, म्हणजे तुमच्या मांडीजवळ. मागच्या रॅकच्या टोकावर स्लीपिंग बॅगेपेक्षा जड काही बांधू नका. रॅकचे कान आणि सबफ्रेम, म्हणजे सीटखालची मागची फ्रेम, तिथेच तडकते.

स्टे बसवताना दुकानदार डावीकडचं साडीगार्ड काढून हातात देतात. केंद्रीय मोटार वाहन नियम 123 मध्ये मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण आणि मागच्या माणसाला धरायला हँडल हवं असं आहे. वहिनींची ओढणी किंवा रेनकोटचं टोक चाकात जाऊ नये म्हणूनच ते असतं. स्टेमध्ये ती जाळी अंगभूत असेल असाच घ्या.

पेट्रोलचा जादा डबा काढून टाका यादीतून. टाकी 17 लिटर. लिटरला 28 धरलं तरी साडेचारशेच्या वर जाते, आणि मनालीहून काजा, स्पितीतलं मुख्य गाव, साधारण 200 किलोमीटर आहे. मनालीत भरा, काजात पंप आहे. डब्यातलं पेट्रोल उन्हात फुगतं, गळतं, आणि तुम्हाला उगाच पाच किलो वाहावे लागतात.

जादा दिव्यांबद्दल दोनच गोष्टी. धुक्यात पांढरा प्रखर दिवा उंचावर लावला तर समोर पांढरी भिंत उभी राहते. लावायचेच तर पिवळे, खाली, आणि रिले व फ्यूज असलेल्या वेगळ्या हार्नेसवर. एका गिऱ्हाइकाची गाडी आली होती. शहरातल्या कुठल्याशा दुकानाने हेडलाइटची वायर सोलून, पिळून, टेप लावून दिवे जोडले होते. आंबा घाटात पावसात शॉर्ट होऊन त्यांचा मूळचा हेडलाइटही गेला. शिवाय कापलेल्या वायरिंगची वॉरंटी कंपनी देणार नाही. तुमच्या जागी मी असतो तर अंधाराआधी मुक्कामाला पोचलो असतो आणि दिव्यांचे सहा हजार बुटांत घातले असते.

सायलेन्सर, एअर फिल्टर, मोठा हॉर्न: नाही, नाही, नाही. सायलेन्सरला पोलीस मोटार वाहन कायद्याचं कलम 190 लावतात आणि ते बरोबरच करतात. घाटातल्या गावांनी काय पाप केलंय? एअर फिल्टर मोकळा केला की धूळही मोकळी होते.

मोबाइलचा स्टँड घेतलात तर त्यात महागडा फोन लावू नका. मोटरसायकलच्या कंपनांनी कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन बिघडू शकतं असं अ‍ॅपलने स्वतः 2021 मध्ये सांगितलं होतं. तुमच्या गाडीच्या गोल डॅशवर गूगल मॅप्स दिसतोच, फोन खिशात राहू द्या. सिरॅमिक कोटिंगच्या 7 हजारांवर काट मारा. टाकीवर गुडघे घासतात तिथे पारदर्शक फिल्मचा तुकडा लावा, बास. त्याऐवजी समुद्राजवळ राहून आल्यावर गाडी गोड्या पाण्याने धुऊन चेन, स्पोक आणि बोल्टांवर अँटी-रस्टचा फवारा मारा.

जे काही बसवाल त्याच्या पावत्या ठेवा आणि विमा नूतनीकरण करताना अ‍ॅक्सेसरीज नोंदवा. इलेक्ट्रिकल आणि नॉन-इलेक्ट्रिकल असे दोन वेगळे रकाने असतात. नोंद नसेल तर गाडीबरोबर मोडलेल्या गार्डचे आणि दिव्यांचे पैसे मिळत नाहीत.

मग क्रम असा लावा. या महिन्यात हेल्मेट, बूट, ग्लव्ह्ज, हँडगार्ड, स्टँडची प्लेट. पावसाआधी रेडिएटर गार्ड आणि जॅकेट. दिवाळीपर्यंत चालवा, तोपर्यंत तुम्हाला कळलेलं असेल की क्रॅश गार्ड हवं की नको (बहुधा हवं). वहिनींची जॅकेट-बुटं आणि इंजिनखालची प्लेट हिवाळ्यात. बॅगा शेवटी, मार्चमध्ये, आणि स्पितीला जितकं न्यायचं ठरवाल त्यातलं दोन रात्रींचं सामान भरून वहिनींना घेऊन एकदा दापोली-हर्णै करून या. त्या परत आल्यावर 'पाठीला आधार हवा' म्हणाल्या तर बॅकरेस्ट घ्या. हे त्यांनीच ठरवायचं, तुम्ही नाही.

आणि निघायच्या पंधरा दिवस आधी पुन्हा ती गादी काढा. सगळ्या बॅगा, ट्यूब, हत्यारं बांधून, टाकी अर्धी ठेवून गाडी आडवी करा. या वेळी मित्राला लांब उभा करा आणि एकट्याने उचला. पाठ गाडीकडे, नितंब सीटला टेकवून, एक हात हँडलला आणि एक मागच्या रॅकला, पायांनी रेटत. गाडी उजवीकडे पडली असेल तर उचलण्याआधी स्टँड काढून ठेवा, नाही तर ती पलीकडे जाईल. उचलता आली तर या निवांत. नाही आली तर बॅगा सोडा आणि एकेक वस्तू बाहेर काढत जा, उचलता येईपर्यंत. जी बाहेर निघेल ती घरीच ठेवा.